वीतभर नमुना आणि अंगभर कपडा

प्रश्न : मी फॅशन डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दीड वर्षात बांधणी, शिबोरी (कापड टाक्यांनी, घडीने किंवा दोऱ्याने आवळून रंगवण्याची जपानी पद्धत), बाटिक (मेण लावून रंगवणे), ठसेछपाई, स्क्रीन छपाई, भरतकाम, ऍप्लिक (कापडावर कापडाचे तुकडे शिवणे) आणि स्मॉकिंग (टाक्यांनी कापडाच्या चुण्या गोळा करणे) अशी आठ तंत्रे लहानमोठ्या कार्यशाळांतून शिकले. माझ्या वहीत चौकोनी नमुन्यांची चाळीस पाने भरली आहेत आणि ती पाहणाऱ्यांना आवडतात. परंतु त्याच तंत्रांनी पोशाख करायला घेतला, की काहीतरी बिनसते. मागच्या महिन्यात सुती कापडावर लाल रिऍक्टिव्ह रंगात शिबोरी करून शर्ट शिवला, त्याला पांढरी कॉलर लावली आणि पहिल्याच धुण्यात कॉलर गुलाबी झाली. त्याच रंगात बुडवलेले पॉलिएस्टरचे जॉर्जेट मात्र जवळजवळ कोरेच निघाले. परीक्षकांनी ‘कारागिरी चांगली आहे, पण कपडा दिसत नाही’ असा शेरा दिला. अंतिम संग्रहासाठी सहा पोशाख करायचे आहेत. आता कोणते नवे तंत्र शिकावे?

उत्तर : कोणतेही शिकू नका. आठ तंत्रे सहा पोशाखांना पुरून उरतील. तुमच्या पत्रात तीन तक्रारी आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन रसायनाच्या आहेत आणि एकदा कारण कळले की त्या पुन्हा होणार नाहीत. तिसरी तक्रार, म्हणजे परीक्षकांचा शेरा, ही खरी अडचणीची आहे आणि मला बहुतेक तिच्याविषयीच लिहायचे आहे. पण रसायन आधी उरकून घेऊ.

रंग कापडाला लागतो असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, परंतु प्रत्यक्षात तो तंतूला लागतो आणि प्रत्येक तंतूची आवड वेगळी असते. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली ‘प्रोसियन’ नावाने रिऍक्टिव्ह रंग बाजारात आणले, तेव्हा त्यांचे नवेपण हे होते, की रंगाचा रेणू सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने कायमचा जोडला जात होता. कापूस, लिनन आणि व्हिस्कोस या तिघांतही सेल्युलोज असते, म्हणून तिघेही हा रंग धरतात. पॉलिएस्टरमध्ये सेल्युलोज नसल्यामुळे रंगाला जोडले जायला जागाच मिळत नाही आणि तुमचे जॉर्जेट कोरे राहते. त्याला डिस्पर्स रंग लागतात, आणि ते तंतूच्या आत शिरावेत म्हणून दाबाखालच्या यंत्रात सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते, जे उघड्या पातेल्यात कधीच गाठता येत नाही. पॉलिएस्टरवर हाताशी येणारा मार्ग कागदावरून उष्णतेने रंग उतरवण्याचा, म्हणजे सब्लिमेशनचा. त्यासाठी हीट प्रेस साधारण २०० अंशांवर चालवतात. लोकर आणि रेशीम ऍसिड रंग, म्हणजे आम्लाच्या द्रावणात चढणारे रंग, घेतात. रेशीम तर रिऍक्टिव्ह रंगही घेते, त्यामुळे प्रयोग करणाऱ्याला ते फार सोयीचे पडते. विकत घेतलेल्या कापडाच्या लेबलावर विसंबू नका. उभ्या आणि आडव्या सुताचे चार-चार दोरे ओढून वेगवेगळे जाळून पाहा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो, लोकर व रेशीम यांना जळत्या केसांचा वास येतो आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ताणा एका तंतूचा आणि बाणा दुसऱ्याचा असेल, तर तेही याच परीक्षेत उघडे पडते.

कॉलर गुलाबी झाली, कारण शर्टातला जादा रंग बाहेर काढलाच गेला नव्हता. रिऍक्टिव्ह रंग सोड्याच्या सान्निध्यात सुताशी जोडला जातो, पण त्याच वेळी त्याचा काही भाग पाण्याशीही जोडला जातो आणि तो भाग सुताच्या दृष्टीने निकामी होऊन कापडात नुसता अडकून राहतो. सोडा घातलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही, तेही याच कारणाने. शंभर ग्रॅम सुती कापडाला मध्यम छटेसाठी सुमारे दोन ग्रॅम आणि गडद छटेसाठी चार ग्रॅम रंग पुरतो. लिटरला वीस ग्रॅम धुण्याचा सोडा घालून कापड तासभर बुडवून ठेवले की जोडणी पूर्ण होते. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, तो पुरेसा तीव्र नसतो. त्यानंतरचे काम कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक जण ते अर्ध्यावर सोडतात. आधी थंड पाण्यात सोडा, आणि रंग कापडाकडे सरकावा म्हणून द्रावणात घातलेले मीठ, निघून जाईपर्यंत खळबळायचे, मग जवळजवळ उकळत्या पाण्यात थोडा साबण घालून दहा मिनिटे ठेवायचे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. लाल आणि फिरोजी छटांना हे चार-पाच वेळा करावे लागले तरी नवल मानू नका. पाणी स्वच्छ दिसले तरी ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा. रुमालावर डाग उमटला, तर काम बाकी आहे असे समजा. सुकी रंगपूड हाताळताना तोंडा-नाकाला मुखपट्टी लावायला विसरू नका, कारण या रंगांची धूळ श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो.

आता परीक्षकांच्या शेऱ्याविषयी. तुम्ही ‘कोणते तंत्र’ असे विचारता. मी तुमच्या जागी असते, तर ‘ते तंत्र केव्हा करायचे’ असे विचारले असते. पृष्ठभागावरचे काम कापड बेतण्याआधी होते, बेतलेल्या तुकड्यांवर होते किंवा शिवून झालेल्या कपड्यावर होते, आणि एकच तंत्र या तीन वेळांना तीन निरनिराळे कपडे देते. तुमच्या वहीतल्या चाळीस चौकोनांना ही वेळच नाही. ते कशाच्याही आधी किंवा नंतर केलेले नाहीत, त्यांना उभी-आडवी दिशा नाही, शिवण नाही आणि वजनही नाही. वीतभर नमुन्यात सुंदर दिसलेली गोष्ट अंगभर कपड्यावर जशीच्या तशी वाढवली, की ती चादरीसारखी दिसू लागते, आणि मग पाहणाऱ्याला कारागिरी दिसते पण कपडा दिसत नाही.

हे मी दुसऱ्याच्या अनुभवावरून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात मी चार मीटर सुती कापडाची घडी घालून, गोल लाकडी फळ्यांमध्ये आवळून नीळ चढवली होती. घडी उघडली तेव्हा ओळीने आलेली पांढरी वर्तुळे इतकी रेखीव होती, की त्या रात्री मी कापड दोरीवरून उतरवलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कापडातून अंगरख्याचा पुढचा भाग बेतला, शिवला आणि घालून पाहिला, तेव्हा दोन मोठी पांढरी वर्तुळे नेमकी छातीच्या दोन टोकांवर येऊन बसली होती. पाठीमागे एक वर्तुळ मधल्या शिवणीत अर्धे कापले गेले होते आणि दुसरे बाहीच्या मुंढ्यात नाहीसे झाले होते. रंग उत्तम होता, घडी अचूक होती, पक्केपणात खोट नव्हती. चूक एवढीच, की बेतण्याचा कागद मी रंगाई आटोपल्यानंतर कपाटातून काढला. तो अंगरखा मी पुढे कधी कोणाला दाखवला नाही. आज हे पत्र वाचून तो आठवला.

क्रम उलटा केल्यावर काय होते, याची दोन ठळक उदाहरणे चुण्यांच्या इतिहासात आहेत. व्हेनिसमध्ये काम करणारे डिझायनर मारियानो फॉर्च्युनी यांनी १९०७ च्या सुमारास ‘डेल्फॉस’ हा रेशमी झगा तयार केला. त्याच्या बारीक उभ्या चुण्या कापडातच घातलेल्या होत्या आणि झगा अंगावरून जवळजवळ पाण्यासारखा खाली येत असे. पण रेशमातली चुणी ओली झाली की सुटते, म्हणून तो झगा पीळ देऊन, सुताच्या लडीसारखा गुंडाळून ठेवावा लागे. जपानी डिझायनर इस्से मियाके यांनी पुढे हा क्रम उलटा केला. त्यांनी कपडा आधी अडीच ते तीन पट मोठा बेतून शिवला आणि मग कागदाच्या थरांत घालून अख्ख्या शिवलेल्या कपड्यालाच यंत्रातून चुण्या दिल्या. ‘प्लीट्स प्लीज’ ही त्यांची मालिका १९९३ साली सुरू झाली. पॉलिएस्टर उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर मिळालेला आकार धरून ठेवते, त्यामुळे त्या चुण्या धुण्यातही टिकतात. तंत्र म्हटले तर दोन्हीकडे चुणी घालण्याचेच आहे. तंतू बदलला आणि वेळ बदलली, त्याबरोबर कपड्याचा स्वभावच पालटला. सुती कापडावर अशा कायमच्या चुण्या घालण्याचा हट्ट धरला, तर खळीपुरत्या त्या टिकतील आणि पहिल्या धुण्यात जातील.

तुमच्या हातात आहे त्या शिबोरीवरच हे करून पाहा. आधी शर्टाचा कागदी बेत पूर्ण करा आणि तो स्वस्त कापडात कच्चा शिवून अंगावर घाला. आरशासमोर उभे राहून पेन्सिलीने त्याच्यावरच खुणा करा : रेषा कुठून निघावी, कुठे दाट व्हावी, कुठे विरून जावी, आणि कुठे काहीच नसावे. खांद्यापासून बगलेकडे तिरकी जाणारी एकच रेघ शरीराला जे वळण देते, ते सगळीकडे विखुरलेल्या शंभर ठिपक्यांना जमत नाही. मग कच्चा शर्ट उसवून त्या खुणा कागदी बेतावर उतरवा आणि तिथून कोऱ्या सुती कापडावर घ्या. या टप्प्यावर तुकडे अचूक कापू नका. चहूबाजूंनी पाच-सहा सेंटिमीटर जादा ठेवून ढोबळ कापा, कारण उकळत्या पाण्यातून गेलेले सूत आटते आणि ते किती आटेल हे त्या कापडाच्या ताग्यावर अवलंबून असते. रंगाईनंतर इस्त्री करून, मूळ बेत पुन्हा ठेवून, अंतिम काप त्यानंतरच द्या.

टाक्याच्या शिबोरीत हात थोडा सावकाश चालवा. दुहेरी पक्का दोरा घ्या, शेवटी मोठी गाठ मारा आणि खुणेच्या रेघेवरून चार-पाच मिलिमीटरचा धावदोरा घाला. सगळे टाके घालून झाले, की कापड थोडे ओलसर करा आणि दोरे एकेक करून ओढा. ओढताना कापड बोटाखाली आधी मऊ गोळा होते, नंतर दोरीसारखे कडक लागते. तो कडकपणा आला की गाठ मारायची. जिथे तुम्ही थकून ढिलाई कराल, तिथे रंग आत शिरेल आणि पांढरी रेघ धूसर होईल. हीच ढिलाई मुद्दाम वापरताही येते : खांद्याकडे घट्ट आणि कमरेकडे सैल ओढत गेलात, तर एकाच रेघेचे टोक कडक राहते आणि शेपूट धुक्यात विरते. रंग सुकल्यावर दोरा कापताना कात्री कापडाच्या बाजूने नेऊ नका, गाठ वर उचलून तिच्या खाली टोक घाला. एवढ्या श्रमानंतर कापडाला भोक पडणे फार जिव्हारी लागते. उघडलेल्या कापडावर टाक्यांच्या खुणांचे बारीक दात उमटलेले दिसतील आणि कापड थोडे उठावदार राहील. हा उठाव इस्त्रीने मारायचा की राखायचा, हा निर्णयही डिझाइनचाच आहे. जपानमधले आरिमात्सू हे गाव सतराव्या शतकाच्या आरंभापासून याच कामासाठी ओळखले जाते. खांबाभोवती कापड गुंडाळून, दोऱ्याने आवळून आणि खाली दाबून केलेल्या प्रकाराला तिथे ‘आराशी’, म्हणजे वादळ, असे नाव आहे; त्यातून येणाऱ्या तिरक्या पावसासारख्या रेघा शर्टाच्या पाठीवर फार शोभतात.

एकापेक्षा अधिक तंत्रे एकत्र आणायची असतील, तर क्रमाचा विचार आणखी काटेकोरपणे करावा लागतो. बाटिकचे मेण गरम रंगात मऊ पडते, म्हणून त्याला थंडच रंग हवा, आणि ते काढायला उकळते पाणी हवे. म्हणजे त्याआधी केलेले नाजूक भरतकाम वाया गेलेच म्हणून समजा. पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, छपाई कोणत्याही तंतूवर बसते, कारण ती बाइंडर या चिकटद्रव्याच्या साहाय्याने पृष्ठभागावर चिकटते. पण त्यामुळे कापड कडक होते आणि घेरदार, झुळझुळीत स्कर्टवर मोठा पट्टा छापला की तो पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. सर्वसाधारणपणे रंगाई आधी, छपाई नंतर आणि भरतकाम सर्वांत शेवटी हा क्रम सुरक्षित आहे. अर्थात तो मुद्दाम मोडण्यातही गंमत आहे. कोऱ्या सुती कापडावर पॉलिएस्टरच्या आणि सुती अशा दोन पांढऱ्या धाग्यांनी भरतकाम करा, आणि मग सगळा तुकडा रिऍक्टिव्ह रंगात बुडवा. सुती धागा कापडाबरोबर रंगून जातो, पॉलिएस्टरचा धागा पांढराच राहतो, आणि आधी न दिसणारी नक्षी रंगातून वर येते. शिवलेला कपडा रंगवतानाही हे लक्षात ठेवा. पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवला असेल, तर प्रत्येक टीप पांढरी उठून दिसते. तुम्हाला ती हवी असेल तर प्रश्नच नाही.

स्मॉकिंगचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, परंतु माझ्या मते तुमच्या आठांपैकी कपड्याच्या सर्वांत जवळचे तंत्र तेच आहे. त्यात कापडावर काही चढवले जात नाही. कापडच गोळा होते आणि जिथे टाके संपतात तिथे मोकळे सुटते. त्यामुळे डार्ट (कपड्याला आकार देणारी शिवलेली चुणी) न घालता छाती, कंबर किंवा मनगट यांवर बसणारा आकार मिळतो. त्याला रुंदी अडीच ते तीन पट लागते, तेव्हा हिशेब आधी करा. जाड कापड घेऊ नका, एवढे एक वाक्य पुरे. शिबोरी आणि स्मॉकिंग यांची सोयरीक मात्र जरूर करून पाहा : रंगाईसाठी ओढलेले टाके काही ठिकाणी कापायचेच नाहीत, तर रंगलेली चुणी तशीच शिवणीत धरायची. एकाच धाग्याने नक्षीही दिली आणि आकारही दिला, असे फार थोड्या तंत्रांत घडते.

म्हणून सहा पोशाखांसाठी मी तुम्हाला टाक्याची शिबोरी आणि स्मॉकिंग ही दोनच तंत्रे घ्यायला सांगेन, आणि फार तर एखाद्या कपड्यावर पॉलिएस्टरच्या धाग्याचे ते लपलेले भरतकाम. बाकीची पाच-सहा तंत्रे वहीत राहू द्या. ती वाया गेली असे मानू नका, पण सहा कपड्यांत आठ तंत्रे दाखवण्याचा मोह परीक्षकांना अभ्यासक्रमाची यादी वाचल्यासारखा वाटतो. सहांपैकी निदान एक पोशाख असा असावा, की ज्याच्यावर काम एकाच जागी आहे आणि उरलेले कापड कोरे आहे. कोरी जागा सोडणे तुम्हाला जड जाईल. ज्यांचा हात चांगला असतो त्या सगळ्यांनाच ते जड जाते.

नमुने करणे थांबवू नका, त्यांचा आकार बदला. यापुढे प्रत्येक नमुना एका बाहीएवढा किंवा एका योकएवढा (खांद्यावरच्या पट्टीएवढा) करा, त्याला निदान एक शिवण असू द्या, आणि तो टेबलावर न पाहता हँगरवर टांगून चार पावलांवरून पाहा. नमुना तयार झाला की मधोमध कापा, एक अर्धा भाग जसाच्या तसा ठेवा आणि दुसरा तीन वेळा धुऊन, वाळवून त्याच्या शेजारी टाका. मागे कापडाचे वजन, तंतू, रंगाची आणि सोड्याची ग्रॅममधली मात्रा, पाण्याचे तापमान, वेळ, आणि आटण्याआधीचे व नंतरचे माप लिहा. ‘अंदाजे दोन चमचे’ अशी नोंद सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडत नाही. नवे कापड रंगाला देण्यापूर्वी त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो मण्यासारखा वर उभा राहिला, तर कापडावर खळ किंवा फिनिश शिल्लक आहे. ते गरम पाण्यात साबण आणि किंचित सोडा घालून काढल्याशिवाय रंग डागाडागांनीच बसेल. तुमच्या वहीतल्या काही नमुन्यांवर ज्याला तुम्ही ‘ढगाळ परिणाम’ म्हटले असण्याची शक्यता आहे, त्याचे मूळ बहुधा इथेच सापडेल.

राहता राहिला तो लाल शर्ट. तो टाकून देऊ नका. कॉलरवर चढलेला गुलाबी रंग हा पाण्याशी जोडला जाऊन निकामी झालेला रंग असण्याचीच शक्यता अधिक आहे, म्हणजे तो कॉलरच्या सुताशी बांधलेला नाही. कॉलरवर इस्त्री फिरवू नका. ती उसवून वेगळी करा, सुती असेल तर कडकडीत गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेवा आणि पाणी गुलाबी येणे थांबेपर्यंत बदलत राहा. तोवर शर्टाचे अंगही वर सांगितलेल्या रीतीने वेगळे धुऊन घ्या आणि रुमालाची परीक्षा करा. रुमाल पांढरा राहिला की कॉलर पुन्हा जोडा. आणि जोडण्यापूर्वी शर्ट एकदा कॉलरशिवाय अंगावर घालून पाहा; नुसत्या पट्टीचा गळाही त्या लाल रेघांना अधिक शोभेल, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते आहे.